जिथे शिलारस चुनखडकाला भिडतो

न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, हिमनदीने कोरलेल्या एका गवताळ दरीत पूर्वी एक काळा सुळका उभा होता. भोवतालचे कडे फिकट राखाडी चुनखडकाचे. हा एकटाच काळा, जड आणि अंगावर हिरवट डाग असलेला. १९३६ च्या अखेरीस जाँ जाक डोझी हा २८ वर्षांचा डच भूवैज्ञानिक त्याच्यासमोर येऊन ठेपला. खाण शोधणे हा त्याचा हेतू नव्हता. तो तेल शोधणाऱ्या कंपनीत नोकरीला होता आणि आंतोन कोलाइन व फ्रिट्स व्हिसेल या साथीदारांबरोबर विषुववृत्ताजवळची बर्फाळ शिखरे चढायला आला होता. त्या रांगेतले सर्वांत उंच शिखर काही त्यांना सर झाले नाही. पण डोझीने वाटेत खडक पाहिले, नमुने पाठीवर वाहून आणले, रेखाचित्रे काढली. काळ्या सुळक्याला त्याने नाव दिले एर्ट्सबर्ग, म्हणजे धातुकाचा डोंगर. दोन-तीन किलोमीटरवर गवताने झाकलेला आणखी एक डोंगर होता. त्याचे नाव त्याने ग्रासबर्ग, गवताचा डोंगर, असे लिहून ठेवले.

नमुन्यांत तांबे निघाले, थोडे सोनेही निघाले. डोझीचा अहवाल १९३९ मध्ये लायडनच्या भूविज्ञानविषयक नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि अहवाल ग्रंथालयात पडून राहिला.

डोझीला दिसलेला तो सुळका स्कार्न या प्रकारच्या धातुसाठ्याचा होता. हे नाव स्वीडनमधल्या जुन्या लोखंडाच्या खाणींतून भूविज्ञानात आले. तांब्याचे साठे अनेक प्रकारांनी तयार होतात, पण स्कार्नचा जन्म मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. इथे धातू कुठल्याही एका खडकाचा नसतो. तो दोन खडकांच्या सीमेवर, त्यांच्या रासायनिक झटापटीतून तयार होतो. म्हणून तो शोधायचा तर खडकापेक्षा सीमेचा माग काढावा लागतो. हे एकदा नीट समजले की एर्ट्सबर्गची पुढची सगळी कहाणी, त्यातल्या पन्नास वर्षांच्या विलंबासकट, समजते.

यातला पहिला खडक चुनखडक. ऑस्ट्रेलियाच्या भूखंडाची उत्तरेकडची कड कोट्यवधी वर्षे उथळ, उबदार समुद्राखाली होती. तिथे सागरी जीवांच्या कवचांचे थर साचत गेले आणि त्यांचा शेकडो मीटर जाडीचा चुनखडक झाला. त्यातले काही थर मॅग्नेशियमने समृद्ध, म्हणजे डोलोमाइटचे आहेत. हा तपशील पुढे कामाला येईल. नंतर ही कड उत्तरेकडच्या बेटांच्या साखळीवर जाऊन आदळली. समुद्रतळ उचलला गेला, घड्या पडल्या आणि शिंपल्यांचा खडक हिमरेषेच्या वर गेला.

दुसरा खडक डायोराइट. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी खालून शिलारस वर चढला आणि या चुनखडकात घुसला. पृथ्वीच्या इतिहासात ३० लाख वर्षे म्हणजे अगदी अलीकडची गोष्ट. आपला सह्याद्री ज्या बसाल्टचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा शिलारस जमिनीवर पोचला नाही. काही किलोमीटर खोलीवर अडकून तो हळूहळू गोठू लागला.

अशा शिलारसात काही टक्के पाणी विरघळलेले असते. शिलारस गोठताना जी खनिजे स्फटिकरूप घेतात, त्यांतल्या बहुतेकांना पाण्याची गरज नसते. त्यामुळे पाणी उरलेल्या द्रवात साठत जाते आणि अखेर वेगळे होऊन बाहेर पडते. बाहेर पडताना ते क्लोरीन, गंधक, लोह, सिलिका आणि तांबे सोबत घेऊन जाते. तांब्याची क्लोरीनशी या तापमानाला चांगली जोडी जमते, म्हणून ते या खारट, उकळत्यापेक्षा कितीतरी गरम पाण्यात विरघळलेले राहू शकते. हे पाणी चुनखडकात शिरले की स्कार्नची सुरुवात होते.

आधी फक्त उष्णता पोचते. चुनखडकाचे स्फटिक मोठे होतात आणि त्याचा पांढरा संगमरवर बनतो. यात बाहेरून काही आलेले नसते, खडक नुसता भाजून निघालेला असतो. मग गरम पाणी पोचते. तेव्हा तापमान साधारण ४०० ते ६५० अंश सेल्सिअस असते. पाण्यातली सिलिका आणि खडकातले कॅल्शियम कार्बोनेट यांची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कॅल्शियमची सिलिकेट खनिजे राहतात. कॅल्शियमला लोहाची साथ मिळाली तर लालसर तपकिरी गार्नेट, मॅग्नेशियमची मिळाली तर हिरवट डायॉप्साइड. लोह भरपूर असेल तर काळा मॅग्नेटाइट. एर्ट्सबर्गचा काळा रंग आणि वजन या मॅग्नेटाइटमुळे होते. डोलोमाइटी थरांत गार्नेटपेक्षा मॅग्नेशियमची खनिजे आणि मॅग्नेटाइट जास्त तयार होतात, आणि एर्ट्सबर्गचे स्कार्न मुख्यतः तशाच थरांतले आहे.

या टप्प्यातली एक बाब फारशी सांगितली जात नाही, पण साठ्याचे नशीब तिच्यावर ठरते. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ यांच्यापासून वोलॅस्टोनाइट हे खनिज बनते तेव्हा घन पदार्थाचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने घटते, कारण कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने निघून गेलेला असतो. बाहेरून आणखी सिलिका आणि लोह येऊन ही पोकळी काही अंशी भरते, पण सगळी भरत नाही. घट्ट, पाणी न मुरणारा चुनखडक अशा रीतीने स्वतःच सच्छिद्र होतो आणि मागून येणाऱ्या पाण्याला वाट करून देतो. म्हणजे पहिल्या लाटेने दुसऱ्या लाटेसाठी जागा तयार केलेली असते.

तांबे बहुधा या दुसऱ्या, थोड्या थंड लाटेत उतरते. तापमान ४०० अंशांखाली येऊ लागते, गार्नेट आणि डायॉप्साइड बदलून एपिडोट, क्लोराइट, सर्पेंटाइन अशी पाणी धरून ठेवणारी खनिजे होतात आणि त्यांच्या फटीफटींतून चाल्कोपायराइट व बॉर्नाइट ही तांब्याची सल्फाइडे जमा होतात. तांबे नेमके इथेच का थांबते? एक कारण म्हणजे थंड होणे. दुसरे कारण जास्त रंजक आहे. शिलारसातून आलेले पाणी आम्लधर्मी असते. स्वयंपाकघरातल्या शहाबादी ओट्यावर लिंबाचा रस सांडला तर फरशी डागाळते, कारण शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक आणि तो आम्ल पिऊन टाकतो. जमिनीखाली हेच होते. चुनखडक पाण्यातले आम्ल मारतो, आणि आम्ल गेले की तांब्याची क्लोरीनबरोबरची जोडी फार काळ टिकत नाही. गंधक त्याला पकडतो आणि सल्फाइड बनून तांबे खडकात बसते. शिलारस ग्रॅनाइटसारख्या उदासीन खडकात घुसला असता तर तेच पाणी तांबे घेऊन कितीतरी दूर पसरले असते. चुनखडक त्याला जवळच अडवतो, म्हणून स्कार्नमधले तांबे आटोपशीर जागेत आणि चांगल्या प्रमाणात मिळते.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात एक रास्त प्रश्न येईल. वणी, गडचांदूर या परिसरात सिमेंट कारखाने चालतील इतका चुनखडक आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात त्याच्या शेजारी व वर बसाल्टही पसरलेला आहे. म्हणजे तप्त लाव्हा चुनखडकावरून वाहिला होता. मग तिथे तांब्याचे स्कार्न का नाही? कारण लाव्हा वरून वाहिला. उघड्यावर आलेल्या लाव्ह्याची उष्णता हवेत जाते आणि त्यात असलेले पाणी व वायूही हवेत जातात. खालचा खडक थोडाबहुत भाजतो, एवढेच. शिवाय बसाल्टच्या लाव्ह्यात पाणी मुळातच कमी असते. स्कार्न घडायला पाणी धरून ठेवलेला शिलारस लागतो, तो काही किलोमीटर खडकाच्या ओझ्याखाली सावकाश गोठावा लागतो आणि त्याच्या कुशीत चुनखडक असावा लागतो. तिन्ही गोष्टी एकत्र येणे दुर्मीळ असते.

आता शोधाकडे वळू. स्कार्नमधली खनिजे मनमानी पसरलेली नसतात. शिलारसाच्या जवळ गार्नेट जास्त आणि गडद तपकिरी. दूर जाल तसे डायॉप्साइडसारख्या पायरॉक्सिनचे प्रमाण वाढते आणि गार्नेट फिकट होत पिवळसर-हिरव्याकडे झुकते. अगदी कडेला वोलॅस्टोनाइट, मग संगमरवर. धातूंचीही अशीच रांग असते. आत चाल्कोपायराइट, पुढे संगमरवराच्या कडेकडे बॉर्नाइट, आणि आणखी दूर, संगमरवरातल्या भेगांत, जस्त आणि शिसे. प्रत्येक साठ्यात हा क्रम थोडा वेगळा असतो, पण अनुभवी भूवैज्ञानिक हातातल्या दगडातल्या गार्नेटचा रंग पाहून सांगू शकतो की उष्णतेचा उगम कुठल्या बाजूला असावा. मला हे कौशल्य फार मोलाचे वाटते. एक भिंग, एक हातोडा आणि नकाशावर चिकाटीने केलेल्या नोंदी यांच्या बळावर जमिनीखालची दिशा ठरवता येते.

यंत्रे त्यानंतर येतात. मॅग्नेटाइट चुंबकीय असल्यामुळे विमानाला किंवा हेलिकॉप्टरला चुंबकमापक बांधून डोंगरांवरून फिरवले की तो नकाशावर उठून दिसतो. त्याची घनता पाण्याच्या पाचपटीहून जास्त, चुनखडकाची पावणेतीनपट. तेव्हा गुरुत्वाकर्षणातला बारीक फरकही उपयोगी पडतो. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तो बंद केल्यावर सल्फाइडे किती वेळ भार धरून ठेवतात, हे मोजण्याचीही पद्धत आहे. ओढ्यांतली वाळू आणि माती गोळा करून त्यात तांबे, सोने, जस्त, बिस्मथ किती आहे ते पाहतात. पण यांतल्या कुठल्याही साधनाला तांबे थेट दिसत नाही. काही स्कार्नमध्ये मॅग्नेटाइट खूप आणि तांबे नगण्य असते, काहींमध्ये उलटे. शेवटी हिऱ्याचे दात लावलेल्या नळीने खडक कोरून त्याचा लांबच लांब दंडगोल, म्हणजे कोअर, बाहेर काढावा लागतो आणि त्याचा प्रत्येक तुकडा तपासावा लागतो. स्कार्नमध्ये हे काम विशेष जिकिरीचे असते. गरम पाणी भेगांच्या आणि थरांच्या मर्जीने फिरलेले असते, त्यामुळे एका भोकात ५० मीटर उत्तम धातुक लागते आणि शेजारच्या भोकात कोरा संगमरवर. ज्याने दोन भोकांमध्ये सरळ रेघ ओढली तो हमखास फसतो.

एर्ट्सबर्गवर अशी पहिली भोके पडायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९५९ मध्ये यान व्हान ग्रॉइसेन या डच खाण अधिकाऱ्याच्या हाती डोझीचा जुना अहवाल लागला आणि त्याने तो फ्रीपोर्ट सल्फर या अमेरिकी कंपनीचा भूवैज्ञानिक फोर्ब्स विल्सन याच्या कानावर घातला. फ्रीपोर्टची क्यूबातली निकेलची गुंतवणूक त्याच सुमारास तिथल्या क्रांतीत हातची गेली. कंपनीला नवे काही हवेच होते. १९६० मध्ये विल्सन दलदल, जंगल आणि कडे पार करत पायी सुळक्यापर्यंत पोचला. पुढे या मोहिमेवर त्याने पुस्तकही लिहिले. डोझीने जे लिहिले होते ते अक्षरशः खरे निघाले. हिमनदीने भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला होता आणि कणखर, मॅग्नेटाइटने भरलेले स्कार्न एकटे उभे राहिले होते. धातुसाठा असा उघड्यावर, शंभर मीटरहून उंच, डोळ्यांना दिसेल असा उभा असणे ही जगात क्वचित घडणारी गोष्ट आहे.

तरीही काम थांबले, कारण डच सत्ता जाऊन १९६३ मध्ये तो प्रदेश इंडोनेशियाकडे गेला. सुहार्तो यांच्या हाती सूत्रे आल्यानंतर १९६७ मध्ये करार झाला आणि खरे ड्रिलिंग सुरू झाले. साठा सुमारे ३ कोटी ३० लाख टनांचा, तांब्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के. आज अर्धा-पाऊण टक्का तांब्याच्या खाणीही चालतात, हे लक्षात घेतले तर अडीच टक्क्यांचे मोल कळते. धातुक डोंगरावरून खाली आणायला हवाई तारमार्ग बांधला. ते दळून, तांब्याचा अंश वेगळा करून, पाण्यात कालवून शंभर किलोमीटरहून लांब नळातून अराफुरा समुद्राकाठच्या बंदरात पोचवले. १९७२ च्या अखेरीस पहिले जहाज निघाले. १९८० च्या दशकाच्या शेवटी सुळकाही संपला होता आणि त्याच्या खालचा भागही.

स्कार्नचा स्वभाव ओळखणाऱ्यांनी दरम्यान सीमेचा माग धरला होता. डायोराइट आणि चुनखडक यांची सीमा एर्ट्सबर्गपाशी संपत नव्हती. १९७० च्या दशकात पूर्वेला, जमिनीखाली, त्याच डायोराइटच्या कडेने दुसरे स्कार्न सापडले. ते उभे होते आणि खाली खाली जात होते. एक पातळी खणली की तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, चौथी; प्रत्येकीला वेगळे नाव पडले, पण स्कार्न एकच. इथे खडकाच्या प्रचंड ठोकळ्याचा तळ पोखरायचा आणि तो स्वतःच्या वजनाने कोसळू द्यायचा, अशी पद्धत वापरली गेली. तुटलेला खडक खालच्या बोगद्यांतून काढून घेतला जातो.

आणि ग्रासबर्ग? डोझीने १९३६ मध्येच चित्रात दाखवलेला तो गवताचा डोंगर १९८८ पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. त्या वर्षी तिथे घेतलेल्या भोकांत शेकडो मीटर सलग तांबे आणि सोने लागले, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे-सोन्याच्या साठ्यांपैकी एक उजेडात आला. तो स्कार्न नव्हे. तिथे शिलारसाच्या स्वतःच्याच अंगात, बारीक भेगांच्या जाळ्यात धातू आहे. पण दोन्हींचा शिलारस एकाच कुळातला आणि जवळपास एकाच वयाचा. माझ्या मते या विलंबाला एर्ट्सबर्गचा दिमाखच कारणीभूत होता. डोळ्यांपुढे एवढा काळा सुळका असताना गवताखाली पाहावेसे कुणाला वाटेल? खरे तर तांब्याचे स्कार्न हाच मोठा पुरावा होता, की या परिसरातले शिलारस पाण्याने आणि धातूने भरलेले होते. आजचा अन्वेषक स्कार्न सापडल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो, की ज्यातून पाणी आले तो शिलारस कुठे आहे, आणि त्याचे भाऊबंद कुठे आहेत.

या डोंगरांची माणसे आहेत अमुंगमे, आणि खालच्या किनाऱ्याकडची कामोरो. रांगेतल्या सर्वांत उंच शिखराला अमुंगमे नेमांगकावी म्हणतात आणि हे डोंगर त्यांना आईच्या मस्तकासारखे पवित्र आहेत. १९६७ चा करार त्यांना न विचारता झाला. या प्रदेशाचे राजकीय भवितव्य ठरवणारी, आणि आजही वादग्रस्त असलेली, प्रक्रियासुद्धा १९६९ मध्ये, म्हणजे करारानंतर झाली. खाण भरात असताना दिवसाला दोन लाख टनांहून अधिक दळलेला खडक आज्क्वा नदीत सोडला जात होता, आणि त्या गाळाखाली सखल भागातले विस्तीर्ण जंगल गेले. २०१३ च्या मे महिन्यात बिग गॉसन या स्कार्नजवळच्या भूमिगत प्रशिक्षण कक्षाचे छत कोसळून २८ कामगार मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये खाणीची ५१ टक्के मालकी इंडोनेशियाकडे आली. धातू सीमेवर कसा बसला हे सांगणाऱ्या विज्ञानाकडे तो कुणी आणि कुणाच्या संमतीने काढावा याचे उत्तर नाही. ते उत्तर अमुंगमेंबरोबर बसूनच शोधायला हवे होते, आणि ती जबाबदारी अजून संपलेली नाही.

ग्रासबर्गची प्रचंड उघडी खाण २०१९ मध्ये संपली आणि काम पूर्णपणे जमिनीखाली गेले. तिथे ग्रासबर्गच्या शिलारसाची कड चुनखडकाला जिथे टेकते, त्या सीमेवर कुचिंग लिआर नावाचे आणखी एक स्कार्न आहे. वर त्याचा सुळका नाही, डाग नाही, काही नाही. ते जमिनीखालून घेतलेल्या भोकांच्या आधारे आखले गेले. २०२२ मध्ये तिथे पोचणारे बोगदे खोदायला सुरुवात झाली. कोअर पेट्यांत रांगेने मांडून ठेवतात, पाणी मारून ओला करतात, आणि भूवैज्ञानिक त्यावर वाकून पाहतो, की गार्नेट कुठे संपले, मॅग्नेटाइट कुठे सुरू झाला आणि संगमरवर किती मीटरवर लागला.